चेंडू कुंपणाबाहेर आला तर जबाबदार कोण? गोल्फ मैदानाशेजारच्या गावांनी आधीच विचारायचे प्रश्न

मुंबईत जागा संपली की शहराचे शौक तालुक्यात येतात. आधी फार्महाऊस आली, मग रिसॉर्ट, मग वॉटर पार्क. आता मोठ्या टाऊनशिपच्या जाहिरातीत घरांच्या मधोमध हिरवंगार गोल्फ मैदान दिसतं. असा प्रकल्प गावाजवळ येणार म्हटलं की ग्रामसभेत तीन प्रश्न हमखास निघतात. जमीन किती जाणार? पाणी कुठून घेणार? आमच्या पोरांना काम मिळणार का? तिन्ही रास्त आहेत.

पण मैदान सुरू झाल्यावर रोज भेडसावणारा चौथा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही. त्यांचा चेंडू आमच्या अंगणात आला, पत्रा फुटला, लेकराला लागला, तर भरपाई कोण देणार?

गंमत अशी की गोल्फ हा शिस्तीचा आणि सभ्यतेचा खेळ म्हणून ओळखला जातो. कसं वागायचं ते त्याच्या नियमपुस्तकातच लिहिलेलं आहे. पण ही सभ्यता मैदानाच्या कुंपणापाशी येऊन थांबते. ती कुंपणाबाहेर आणायचा रस्ताही त्याच नियमपुस्तकात आहे. तो मात्र गावाला कुणी सांगत नाही.

चेंबूरमध्ये काय झालं

मुंबई उपनगर जिल्ह्यातलं जुनं आणि मोठं उदाहरण म्हणजे चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. तो 1927 साली सुरू झाला. त्या वेळी चेंबूर मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतं. पुढे शहर वाढलं. मैदानाच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, वस्त्या झाल्या. म्हणजे चेंबूरमध्ये मैदान आधी आणि शेजारी नंतर.

शेजारच्या वस्त्यांतली मुलं तिथे कॅडी म्हणून कामाला जाऊ लागली. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी उचलणारा, चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवणारा मदतनीस. दिवसभर दुसऱ्याचा खेळ बघून या मुलांनी आपला खेळ तयार केला. लोखंडी सळई वाकवून काठी बनवली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि वस्तीच्या गल्लीबोळांचंच मैदान केलं. परदेशी छायाचित्रकारांनी या खेळाचे फोटो काढले आणि ते जगभर पोहोचले. 2023 मध्ये दिग्दर्शक सुजय डहाके यांची 'स्लम गोल्फ' ही मालिकाही आली.

यातला प्लास्टिकचा चेंडू लक्षात ठेवण्यासारखा आहे. गल्लीत खरा चेंडू मारला तर कुणाचं तरी डोकं फुटेल, हे वस्तीत राहणाऱ्याला समजवावं लागत नाही.

चेंबूरनंतर हा खेळ खाडी ओलांडून पलीकडे गेला. रायगड जिल्ह्यात पनवेल तालुक्यातल्या खारघरला सिडकोने डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या शेजारी गोल्फ मैदान केलं. सुरुवातीला ते 11 होलचं होतं. होल म्हणजे ज्या खळग्यात चेंडू घालायचा तो खळगा आणि तिथपर्यंतची पूर्ण पट्टी. मोठं मैदान 18 होलचं असतं. या भागात चित्र उलटं आहे. पाडे आणि गावं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, मैदान नंतर आलं. तालुक्यात पुढे जिथे कुठे मैदान होईल तिथेही असंच असणार. त्यामुळे चेंबूरपेक्षा इथे शेजाऱ्याची बाजू अधिक भक्कम आहे. पण ती मांडता आली पाहिजे.

नियमपुस्तक काय सांगतं

गोल्फचे नियम जगभर एकच आहेत. स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था ते ठरवतात. 2019 साली नियमांची मोठी फेरमांडणी झाली. त्याआधी वागणुकीचा भाग वेगळा छापलेला असायचा. आता तो थेट नियम 1.2 मध्ये आहे.

या नियमाचं सार असं: प्रामाणिकपणे खेळा. इतरांचा विचार करा, म्हणजे वेळ दवडू नका, इतरांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्या, दुसऱ्याच्या खेळात व्यत्यय आणू नका. आणि मैदानाची काळजी घ्या. फटक्याने उखडलेला गवताचा तुकडा परत जागेवर बसवायचा. वाळूच्या खड्ड्यात पाय उमटले तर दाताळ्याने वाळू सारखी करायची. पुढे माणसं असतील तर ती लांब जाईपर्यंत फटका मारायचा नाही. चेंडू कुणाच्या दिशेने चालला असं दिसलं की जोरात 'फोर!' म्हणून ओरडायचं. जगात कुठेही गोल्फ खेळणाऱ्याला ही आरोळी कळते.

नियमात 'इतरांची सुरक्षितता' असं म्हटलं आहे. हे इतर म्हणजे फक्त खेळाडू, असं कुठेही लिहिलेलं नाही. कुंपणापलीकडे शेण गोळा करणारी बाईसुद्धा त्या 'इतरांत' येते.

मग अडतं कुठे? या नियमाचा साधा भंग झाला तर सहसा दंड नाही. फारच गंभीर गैरवर्तन असेल तर खेळाडूला बाद करता येतं. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या भल्या बुद्धीवर सोडलेलं आहे.

त्यापुढची गोष्ट अशी की मैदानाची हद्द पांढऱ्या खुंट्यांनी किंवा कुंपणाने ठरलेली असते. चेंडू हद्दीबाहेर गेला तर खेळाडूला एका फटक्याचा दंड बसतो आणि आधीच्या जागेवरूनच पुन्हा मारावं लागतं. बाहेरचा चेंडू त्याच्या खेळातून संपला. तो आणायलाही त्याला यायची गरज नाही, पिशवीतून दुसरा काढला की झालं. म्हणजे चेंडू बाहेर गेल्याची शिक्षा खेळाडूच्या गुणांना होते. चेंडू ज्या पत्र्यावर पडला त्या पत्र्याचा हिशोब नियमात नाही.

हा चेंडू किती लागतो?

चेंडू छोटा दिसतो म्हणून हसण्यावारी नेऊ नये. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा असतो. क्रिकेटचा चेंडू साधारण 156 ते 163 ग्रॅम. वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी, पण वेग बघा. क्रिकेटमधला जलद गोलंदाज ताशी 140-150 किलोमीटरने टाकतो. गोल्फच्या मोठ्या फटक्यावर व्यावसायिक खेळाडूचा चेंडू सुटताना ताशी 270 किलोमीटरच्या आसपास असतो. हौशी माणसाचाही ताशी 200 च्या घरात जातो. कौल, सिमेंटचा पत्रा, सोलर पॅनेल किंवा गाडीची काच याच्यापुढे टिकत नाही. डोक्याला किंवा डोळ्याला लागला तर काय होईल ते सांगायला नको.

चेंडू कुठे पडेल याचाही अंदाज बांधता येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुतेक वेळा हवेत उजवीकडे वळतो. याला स्लाइस म्हणतात. जिथून पहिला फटका मारतात त्या ओट्याला टी म्हणतात. टीवर उभं राहून बघितलं तर उजव्या हाताला, साधारण दीडशे ते सव्वादोनशे मीटरच्या टप्प्यात जी घरं, शेतं किंवा रस्ता येतो, तिथे धोका जास्त. म्हणून नकाशा गावासमोर आला की आधी टी कुठे आहेत आणि फटक्याची दिशा कुठली आहे, ते बघायचं. टी थोडी सरकवली, दिशा बदलली किंवा मध्ये झाडांचा दाट पट्टा ठेवला तर बराच त्रास कमी होतो. नकाशावर हे काम पेन्सिलीचं असतं. मैदान झाल्यावर तेच लाखांचं होतं आणि मग कुणी करत नाही.

कोर्टात कशाला महत्त्व मिळालं

आपल्याकडच्या नुकसानभरपाईच्या कायद्यावर इंग्रजी कायद्याची छाप आहे. तिकडचे निकाल इथे बंधनकारक नाहीत, पण कोर्टं मार्गदर्शक म्हणून ते बघतात. यातले चार निकाल गावाच्या कामाचे आहेत.

पहिला 1922 चा. इंग्लंडमध्ये सँडविच गावाजवळ गोल्फचा चेंडू रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीच्या काचेवर आदळला आणि चालकाचा डोळा गेला. त्या जागी चेंडू नेहमीच रस्त्यावर यायचे, हे कोर्टापुढे आलं. मैदानाची ती आखणीच सार्वजनिक उपद्रव ठरली आणि खेळाडूबरोबर क्लबलाही जबाबदार धरलं गेलं.

दुसरा 1951 चा, क्रिकेटचा. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या बाईला चेंडू लागला. पण सुमारे 30 वर्षांत चेंडू जेमतेम सहा वेळा बाहेर गेला होता. इतका क्वचित धोका असेल तर क्लब निष्काळजी म्हणता येणार नाही, असं सर्वोच्च पातळीवर ठरलं. बाई हरली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मुद्दा दिसतो. चेंडू एकदा आला की वारंवार येतो, यावर बरंच काही अवलंबून असतं. आणि 'रोजच येतात हो' असं तोंडी सांगून भागत नाही, नोंद लागते.

तिसरा 1977 चा, पुन्हा क्रिकेटचा. मैदान जुनं होतं, घर नंतर बांधलेलं. 'तुम्ही नंतर आलात, मग सोसा' हा बचाव कोर्टाने मानला नाही आणि भरपाई द्यायला लावली. पण खेळ बंद करायचा आदेशही दिला नाही. म्हणजे नंतर आलेल्या शेजाऱ्यालाही हक्क आहे. गाव तर आधीपासून तिथेच आहे.

चौथी गोष्ट अमेरिकेतली, ताजी. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या किंग्स्टन इथे गोल्फ मैदानालगत घर घेतलेल्या कुटुंबाकडे सहाशेहून जास्त चेंडू आले. 2021 मध्ये ज्युरीने त्यांना व्याजासह जवळपास 49 लाख डॉलर मंजूर केले. वर्षभराने, 2022 मध्ये, राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने तो निकाल रद्द केला. घराच्या कागदपत्रांत मैदानाला खेळासाठी शेजारच्या जागेवर हक्क दिल्याची अट होती. त्या अटीचा नीट विचार खालच्या कोर्टात झाला नाही, असं वरच्या कोर्टाचं म्हणणं पडलं. यातून घ्यायचा धडा एकच. सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. ग्रामपंचायतीच्या ना हरकत ठरावात किंवा जमिनीच्या खरेदीखतात 'खेळामुळे होणाऱ्या त्रासाबाबत तक्रार करणार नाही' अशी ओळ घुसली असेल तर ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या आडवी येईल.

इथला कायदा काय देतो

त्रास सगळ्या गावाला होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा तसे अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश काढू शकतात. जुन्या कायद्यात हेच कलम 133 होतं. निष्काळजीपणाने कुणाचा जीव धोक्यात आला किंवा इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे. घराचं, पिकाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे आधी चौकशी करावी.

या सगळ्याला पुरावा लागतो आणि तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे. चेंडू पडला की पडलेल्या जागीच फोटो काढायचा. फोटोत घर, झाड किंवा विजेचा खांब अशी ओळखता येणारी खूण यावी. तारीख आणि वेळ वहीत लिहायची. चेंडू फेकून द्यायचे नाहीत, तारखेची चिठ्ठी लावून एका गोणीत ठेवायचे. सहा महिन्यांची अशी वही शंभर तोंडी तक्रारींपेक्षा वजनदार ठरते.

पाण्याचाही शेजारधर्म आहे

चेंडूइतकाच पाण्याचा प्रश्न शेजाऱ्याशी नातं ठरवतो. गोल्फचं गवत उन्हाळ्यातही हिरवं ठेवावं लागतं, म्हणजे नेमकं टंचाईच्या महिन्यांत पाणी लागतं. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. लोकांना प्यायला पाणी नसताना खेळपट्टीला पाणी कशाला, हाच त्यातला सवाल होता. क्रिकेटच्या एका खेळपट्टीला जो सवाल लागू होतो, तो एकरच्या एकर गवताला का लागू होऊ नये?

यावर उपाय आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर गोल्फचं गवत वाढवता येतं आणि जगात अनेक ठिकाणी तसं होतं. म्हणून 'बोअरवेल किती मारणार?' एवढंच विचारून थांबू नये. 'सांडपाणी प्रकल्प मैदानाआधी पूर्ण होणार का?' हेही विचारावं. गवतावर फवारली जाणारी औषधं पावसात ओढ्याला, विहिरीला उतरतील का, हे विचारणंही गावाचा हक्क आहे.

जागा निवडतानाच चूक झाली असेल तर पुढची शिस्त कामाला येत नाही. नवी मुंबईत सीवूड्सच्या एनआरआय संकुलाजवळ, जिथे फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळ जागेवर, गोल्फ मैदान आणि घरांचा बेत होता. रहिवासी कोर्टात गेले आणि नोव्हेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्याच्या पेडणे तालुक्यात तेरेखोल गावानेही गोल्फ रिसॉर्टविरुद्ध लांब लढा दिला. तिथे कुळांच्या जमिनीचा प्रश्न होता. कुळाला मिळालेली शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायला गोव्यात 1991 च्या कायद्याने बंदी आहे.

दुसरी बाजूही मान्य करायला हवी. गोल्फ मैदान म्हणजे बिनइमारतीची मोठी मोकळी जागा. तिथे झाडं राहतात, पावसाचं पाणी मुरतं. उपनगरात श्वास घ्यायला जागा उरली नाही, तिथे याची किंमत कळते. पोरांना कामही मिळतं. बेंगळुरूचे सी. मुनियप्पा कॅडी म्हणून सुरुवात करून 2009 साली इंडियन ओपन जिंकले. पण कॅडी बहुतेक वेळा क्लबचा नोकर धरला जात नाही. हाँगकाँगच्या एका कॅडीच्या दाव्यात 1997 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तसाच निकाल दिला होता. म्हणून 'रोजगार देऊ' या शब्दावर न थांबता मालक कोण, मजुरी किती, विमा आहे का, हे लेखी मागावं.

गावाने काय मागावं?

इथे पुन्हा नियमपुस्तक कामाला येतं. नियम 1.2 च्या 'ब' भागात मैदानाच्या समितीला स्वतःची आचारसंहिता करण्याचा अधिकार आहे. ती मोडणाऱ्याला एक फटका, दोन फटके असा दंडही लावता येतो. म्हणजे 'आमच्या नियमात बसत नाही' असं कुठलाही क्लब म्हणू शकत नाही. ना हरकत देण्याआधी ग्रामसभेने पुढच्या गोष्टी ठरावात घ्याव्यात.

1. कुंपणालगतच्या रस्त्यावर किंवा शेतात माणसं दिसत असताना त्या दिशेने फटका मारायचा नाही, हे क्लबच्या आचारसंहितेत दंडासह लिहावं.

2. चेंडू बाहेर गेला की खेळाडूने किंवा कॅडीने लगेच कळवायचं. नुकसानीची रक्कम क्लबने ठरलेल्या मुदतीत द्यायची आणि खेळाडूकडून नंतर वसूल करायची. कोणी मारला ते शोधत फिरणं हे गावाचं काम नाही.

3. क्लबने बाहेरच्या लोकांसाठीही विमा काढावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.

4. टीच्या जागा आणि फटक्यांची दिशा दाखवणारा नकाशा मराठीत, गावासमोर मांडावा.

5. तक्रारीसाठी एक ठरलेला माणूस आणि एक फोन नंबर असावा. तीन महिन्यांतून एकदा क्लब आणि ग्रामपंचायतीची बैठक व्हावी.

6. गावाची जुनी वाट, देवस्थानाचा रस्ता, गुरांचं पाणवठ्याला जाणं बंद होणार असेल तर आधी पर्यायी रस्ता द्यावा.

गावाचीही बाजू आहे

शेजारधर्म एका बाजूने चालत नाही. मैदानात गुरं सोडणं, खेळ चालू असताना मधून चालत जाणं, पोरांनी चेंडू उचलून पळणं यात भांडण तर होतंच, पण जीवही धोक्यात येतो. चेंडू शोधायला मैदानातल्या तळ्यात मुलांना उतरू देऊ नये. 'फोर!' ऐकू आलं तर वर बघायचं नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकायचं. मैदानाशेजारच्या शाळेत मुलांना हे एकदा करून दाखवावं.

उखडलेलं गवत परत लावायला शिकवणारा हा खेळ आहे. फुटलेलं कौल परत लावायला तो आपोआप शिकणार नाही, ते लिहून घ्यावं लागेल. आणि लिहून घ्यायची वेळ ना हरकत ठरावावर अंगठा उठण्याआधीची आहे, नंतरची नाही.